साहेबांचा वडापाव

ऑफिसातले किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. आमच्याकडे तर बोर्डच आहे!

पनवेलच्या आमच्या जमीन मोजणीच्या ऑफिसात तो परांजपे साहेबांनी लावला. मोजण्याआधी प्रत्येकाने नजरेने अंदाज सांगायचा. मग अंदाज आणि खरं माप यांतला फरक, भागिले खरं माप, गुणिले शंभर. आठवड्यात ज्याच्या चुकीचा टक्का सर्वांत मोठा, त्याने सगळ्यांना वडापाव आणायचा.

साहेबांवर ही पाळी कधीच आली नाही. वीस वर्षं त्यांच्यासोबत टेप धरणाऱ्या करंजा गावच्या म्हात्रेचं एकच स्वप्न होतं, एकदा तरी साहेबांचा वडापाव खायचा.

*

उलव्यात मी शंभर मीटरचं कुंपण एकशे एक सांगितलं. म्हात्रेने दहा मीटरची भिंत अकरा सांगितली. माझा एक टक्का, त्याचे दहा.

"चुकला तो दोघांचा एकच मीटर. मंग वडे मीच का आणू?"

आणले त्यानेच. माझ्या पावात मिरच्या तेवढ्या तीन निघाल्या.

*

डॉक्टरांच्या सांगण्यावरून ऑफिसातल्या नाईक मॅडमनी साहेबांच्या चहातली दोन चमचे साखर पन्नास टक्के कमी केली. महिन्याने रिपोर्ट चांगला आला. साहेब खुशीत म्हणाले, "आता पन्नास टक्के वाढवा."

मॅडमनी दीड चमचा घातली. साहेबांनी घोट घेतला, थोडा विचार केला.

"गणित बरोबर आहे. चहा चुकलाय."

म्हात्रे बोर्डाकडे धावला. पण हा बदल आहे, अंदाज नव्हे, असं सांगून साहेब सुटले!

*

एकदा म्हात्रे म्हणाला, भावाच्या होडीतून उद्या पाच सुरमई आणतो. होडी रिकामी आली. मॅडम टक्का काढायला बसल्या, तर कॅल्क्युलेटरच 'एरर' म्हणाला.

साहेबांनी निकाल दिला. भागायचं खऱ्या आकड्याने, आणि तोच शून्य असेल तर टक्का निघत नाही. रकाना कोरा, वडापाव माफ.

सुरमईच्या भरवशावर आम्ही नुसत्या भाकऱ्या आणल्या होत्या.

*

मग साहेब रिटायर झाले. निरोपाचं भाषण किती वेळ चालेल, याचा अंदाज त्यांनी स्वतःच बोर्डावर लिहिला. दहा मिनिटं. म्हात्रे मोबाइलवर स्टॉपवॉच लावून पहिल्या खुर्चीत बसला. त्याचा शेवटचा चान्स होता.

साहेब उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. तोंड उघडलं आणि मिटलं. मग हात जोडून खाली बसले. मलाही भरून आलं.

म्हात्रे उठला. बोर्डावर 'खरं' या शब्दाखाली शून्य लिहिलं. टक्क्याच्या रकान्यापाशी पेन नेलं, मग टोपण लावलं.

"कोरा ठेवतो, साहेब. वडे मी आणतो."