चार म्हणजे किती

पुढे कुणी ही वही उघडली तर आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या ध्यानात राहिलं नाही आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. पण ही गोष्ट तोंडानं सांगायला मी लाजते, म्हणून लिहिते.

आमच्या धरणात एक शिडाची नाव आहे. जहाजावरची नोकरी संपवून गावी परतलेल्या साहेबांची. माझे मालक ती सांभाळतात, धुणं-पुसणं माझ्याकडे. नावेच्या पोटाखाली पाण्यात दीड मीटर खोल जाणारं पातं आहे आणि धरणात बुडालेल्या बाभळींची खोडं आहेत. म्हणून पाण्याची खोली दाखवणारी मशीन बसवली. नावेच्या तळाशी लावलेला सेन्सर पाण्यात आवाज सोडतो, तो जमिनीला लागून परत आला की मशीनवर आकडा उमटतो. सुकाणूवरून साहेब विचारत, "किती?" मालक आकडा ओरडून सांगत. दोनच्या खाली गेला की नाव वळवायची.

त्या दिवशी मी काठावर होते. मालकांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "पाच!" आणि लगेच धाडकन आवाज झाला. नाव एका अंगावर कलली, शिडाचा आडवा दांडा साहेबांच्या कपाळावर बसला.

रक्ताचे थेंब मीच पुसले, मशीनवरचेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नाव काठावर ओढून सेन्सरवरचं शेवाळ खरवडलं, वायरी तपासल्या. नाव पाण्यात गेली तर धरणाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्यात मशीन म्हणे चार! तिथे सात मीटर तरी पाणी. अकोल्याहून मेकॅनिक आला. त्यानं नवा सेन्सर बसवला, मशीन पहिल्यासारखी करून दिली आणि जाताना म्हणाला, "जुन्याला मार लागलाय." मी भीतीनं आठ दिवस मशीनला हात लावला नाही. ते आठ दिवस आकडे बरोबर आले. मग मी पुसायला लागले आणि पुन्हा तोच घोळ.

साहेब मालकांना म्हणाले, "तूच कुठेतरी आपटतोस आणि लपवतोस." दोन महिने निम्मा पगार कापला. वर सांगितलं, "महिनाअखेर दुसरा माणूस पाहतो."

घरी मालक जेवले नाहीत. मी म्हटलं, "आवो, दोरीनं मोजून पाहू ना."

"आता तू इंजिनेर झाली काय वं?"

पण सकाळी घेऊन गेले. माझा बाप विहिरी खोदायचा. दोरीला दगड बांधून सोडायचा आणि दोन हात पसरून दोरी मोजायचा. दोन हातांची एक वाव. भिंतीजवळ मी दगड सोडला, दोरी ओढत हात पसरत गेले. चार वाव भरल्या, वर थोडी दोरी उरली, कारण माझे हात आखूड. मशीनवर चार.

"हे तर वाव मोजून राह्यलं!" मी म्हटलं.

मालक हसले, "चीनच्या मशीनले तुह्या बापानं शिकवलं काय?"

आकडा नीट दिसावा म्हणून मी पदरानं पडदा पुसला. अंगठा बटणावर जरा दाबून राहिला. चारचे सात झाले. मी पुन्हा दाबलं. चोवीस. पाणी तेच, नाव जागची हलली नव्हती. आकड्याखाली मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं बदलत होती. ती ना मला वाचता येत, ना मालकांना.

बटण दाबलं की मशीन मापच बदलत होती, कधी वाव, कधी मीटर, कधी फूट. मालक रोज मशीन चालू करून ठेवत आणि मी रोज ती घासून पुसत होते. त्या दिवशीचे पाच म्हणजे पाच फूट होते. साहेबांचं कपाळ माझ्या पदरानं फुटलं होतं.

"कोणाले सांगू नको," मालक म्हणाले. पण महिना संपत आला होता. साहेबांपुढे मी कधी मान वर केली नव्हती. त्यांच्या ओट्याशी उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, ते मी केलं." मग नावेवर जाऊन दाखवलं, मालकही मागोमाग आले.

साहेबांनी भिंगातून ती अक्षरं पाहिली. मग कपाळावरचा व्रण चाचपला.

"जहाजावर आम्हीही वावच मोजायचो, बाई," ते म्हणाले. "आणि इथे मी नुसतं किती, किती विचारत राहिलो. चार कसले, ते एकदाही विचारलं नाही. उगाच याला चोर ठरवला."

मला वाटलं होतं, नव्या सेन्सरचा खर्चही आमच्याच माथी येणार. साहेब मालकांकडे वळले, "उद्यापासून माप सांगून ओरडायचं. मीटर की फूट की वाव."

"हो साहेब. पण पुसणारी तीच राहू द्या, मले नाई जमत," मालक म्हणाले.

कापलेल्या पगारातले अर्धे पैसे साहेबांनी त्याच संध्याकाळी दिले. उरलेले पेन्शन आल्यावर स्वतः आमच्या दारात आणून दिले, पै न् पै.