न टेकलेली रेघ

"सर, यात विमान कुठी आहे?" देवरावजींनी विचारलं.

विमान नव्हतंच. हवाईदलात मी मालवाहू विमानं उडवली. निवृत्तीनंतर पांढुर्ण्यात अमूर्त चित्रं काढतो. त्यांत विमान नसतं, उडताना पाळावी लागणारी शिस्त असते. ठरलेली उंची, ठरलेलं वळण, दोन विमानांत राखलेलं अंतर. लोकांना वाटतं, पायलटला मोकळं आभाळ दिसतं. आम्हाला आखलेलं दिसतं.

देवरावजी रामाकोन्याचे संत्रावाले. मुलगी पल्लवी पायलटचं ट्रेनिंग घेत होती, म्हणून सौसरच्या नव्या घरासाठी त्यांनी हे चित्र काढायला सांगितलं होतं. पल्लवी तेव्हा सुट्टीवर आली होती. त्यांच्यासोबत येऊन माझ्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होती.

करड्या रंगावर पाच रेघा धावपट्टीकडे उतरत होत्या. त्यातली एक तांबडी रेघ न टेकताच वर वळली होती.

"हे रेघ तेवढी खाली टेकवून द्या. घरात अर्धवट नको," देवरावजी म्हणाले.

"तो गो-अराउंड आहे," मी म्हणालो. "उतरताना वेग किंवा उंची जमली नाही, तर पायलट जबरदस्ती करत नाही. वर जातो, फेरी मारून पुन्हा येतो."

"म्हणजे फेलच झाला ना जी?"

"नाही बाबा," पल्लवी म्हणाली. "गो-अराउंड नाही केला म्हणून मी फेल झाली."

देवरावजी वळले. "तू? कधी?"

"सुट्टी नाही आहे मले. टेस्टमध्ये विमान उंच होतं, तरी मी दाबून उतरवून राहिली होती. शेजारी बसलेल्या परीक्षकानं कंट्रोल हातात घेतला. तुमचा रोज फोन, लायसन कधी भेटते, लायसन कधी भेटते. मले वाटलं, आता उतरलंच पाहिजे."

मी ब्रश पुसत बसलो.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगून राहिली ना आता."

ते चित्राजवळ गेले. मग मला हळूच म्हणाले, "राहू द्या जशी आहे तशी."

पल्लवी ट्रेनिंगला परत गेली. दुसरी टेस्ट अजून व्हायची आहे. बाबा फोनवर आता फक्त जेवणाचं विचारतात, असं तिनं कळवलं.

तेव्हापासून कोणी रेघ बदला म्हटलं, की ब्रश उचलायच्या आधी मी खोलीत आणखी कोण उभं आहे ते बघतो.