आवाजावर केलेली चेष्टा

"तुमचं सॉफ्टवेअर काढून टाका," इनामदार वकीलबाई फोनवर म्हणाल्या. मग शांतता. पक्षाघातानंतर त्या थांबत थांबत बोलत. मला वाटलं, झालं बोलून. मी "पण मॅडम" म्हणायला आणि त्यांनी पुढचं वाक्य सुरू करायला एकच गाठ पडली.

"उजवा हात गेला. आवाज तेवढा उरलाय. त्याची चेष्टा मी सहन करणार नाही."

फोन बंद झाला.

कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका छोट्या कंपनीत मी काम करतो. बोललेलं ऐकून ते लिहून काढणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ऑफिसात बाकी सगळे बंगाली, त्यामुळे मराठीचा तज्ज्ञ मी. माझा जन्म कोलकात्यातला, वडिलांचाही इथलाच. पण आडनाव कुलकर्णी, एवढं क्वालिफिकेशन आमच्या बॉसना, सुदीप्तदांना, पुरलं. मलाही पुरेसं वाटलं, हे जास्त वाईट.

वकीलबाई साताऱ्याच्या. हाताने लिहिता येईना, म्हणून त्यांना युक्तिवाद बोलून लिहायचे होते. जमलं तर वकिली चालू राहणार, नाहीतर घरी बसायचं. ट्रायलमध्ये मात्र आमचं सॉफ्टवेअर त्यांच्या वाक्यांचे तुकडे पाडत होतं. बोलणारा किती वेळ गप्प राहिला की वाक्य संपलं असं धरायचं, हे यंत्राला आधी सांगून ठेवावं लागतं. त्याला आम्ही पॉज सेटिंग म्हणतो. बाई "वादीचा या जमिनीवर हक्क" इथे दम घ्यायला थांबल्या, की यंत्र पूर्णविराम देऊन मोकळं. "नाही" बिचारं एकटंच पुढच्या ओळीत. वकिलाचं "नाही" असं सुटं पडलं तर केस गेलीच म्हणायची.

आम्ही पॉज वाढवला. त्यांची रेकॉर्डिंग ऐकून मी शब्दन् शब्द टाइप केला आणि आवाज व मजकूर दोन्ही यंत्राला दिले. यंत्राला शिकवणं म्हणतात ते हेच. यंत्र भराभर सुधारलं. मी इतका हवेत होतो की बाईंना पाठवायचा रिपोर्टही आमच्याच सॉफ्टवेअरवर बोलून लिहिला. नीट वाचला, एकही चूक सापडली नाही, पाठवून दिला. त्यावर हा फोन.

अर्थात मी यंत्राला शिव्या घातल्या. काहीतरी भलतंच लिहिलं असणार त्याने. सुदीप्तदांसमोर रिपोर्ट उघडला. त्यात होतं, "आपल्या आवाजावर आम्ही सगळ्यांनी मिळून खूप चेष्टा केली. आमच्या बॉसनी स्वतः चेष्टा केली. पुढेही मनापासून चेष्टा करत राहू." रेकॉर्डिंग लावलं. माझाच आवाज, अगदी हेच शब्द. यंत्राने काना-मात्राही चुकवली नव्हती.

"ठीकई तो आछे," सुदीप्तदा म्हणाले. "चेष्टा तो कोरेछि." म्हणजे, ठीकच तर आहे, चेष्टा तर केलीच आहे.

मलाही ठीकच वाटत होतं. बाईच जरा तापट असाव्यात, असं ठरवून मी घरी आलो. बायकोला, वैशालीला, रिपोर्ट दाखवला. ती सोलापूरची. वाचता वाचता ती खुर्चीत बसली आणि हसायलाच लागली.

"अहो, चेष्टा म्हणजे थट्टा. प्रयत्न नव्हे."

बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आमच्या घरातही कित्येक वर्षं तोच अर्थ चालत आलेला. वैशाली म्हणाली, लग्नानंतर सासूबाईंनी तिला "आज पुरणपोळीची चेष्टा करून बघ" म्हटलं होतं, तेव्हा ती घाबरून पुरणाच्या पातेल्याकडे बघत बसली होती. हे तिने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मराठीच्या तज्ज्ञाला कोण सांगणार?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजारातून उठलेल्या बाईला मी लेखी कळवलं होतं की आम्ही सगळे मिळून तुम्हाला हसतो आणि पुढेही हसू. दुसऱ्या दिवशी फोन केला. कोलकाता, बंगाली, पुरणपोळी, सगळं सांगितलं आणि माफी मागितली. पलीकडे शांतता. या वेळी मी गप्प राहिलो. यंत्राचा पॉज वाढवला होता, स्वतःचा वाढवायचा राहून गेला होता.

"म्हणजे," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "माझा आवाज... ठीक आहे. दुरुस्ती... तुमच्या मराठीची हवी."

सॉफ्टवेअर राहिलं. तेव्हापासून यंत्र चुकलं असं वाटलं की मी आधी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकतो. बहुतेक वेळा तिथेच शोध संपतो.

पुढच्या आठवड्यात बाईंनी पहिला पूर्ण युक्तिवाद बोलून लिहिला. त्याची एक प्रत आम्हालाही आली. "हक्क नाही" एकाच ओळीत, सलग. खाली आमच्यासाठी त्यांनी बोलून जोडलेलं एक वाक्य होतं: "कुलकर्णी, चेष्टा चालू ठेवा."

कोणत्या अर्थाने, हे विचारायची चेष्टा मी केली नाही.