चिमणी काढणारा लवू

लालबागच्या लवू राऊळला कुणी विचारलं, "तुम्ही काम काय करता?" तर तो सांगे, "चिमणी काढतो." नव्या माणसाला वाटे, हा कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवत असावा, कावळा, चिमणी, पोपट काढत असावा. मग लवू बोट वर करून गिरणीची चिमणी दाखवी. "ही. काढतो म्हणजे काढून टाकतो."

धंदाच तसा होता. लवू फोटो स्टुडिओत टचिंग करायचा. स्टुडिओची खोली एवढीशी, की उभा फोटो घ्यायचा तर मुलीचे पाय तरी बाहेर राहत, नाहीतर डोकं तरी. आणि लग्नाच्या बाजारात बसलेल्या फोटोला कोण विचारतो? उंची कशी कळणार? म्हणून उभे फोटो चाळीच्या गच्चीवर घेतले जात. तिथे मुलीला कुठल्याही कोपऱ्यात उभी करा, चिमणी मागे हजर! हौशी नाटकात एखादा नट असतो ना, आपला प्रवेश असो नसो, रंगमंचावर येऊन उभा राहतो, तशी. मुलीचा बाप त्याच चिमणीखाली तीस वर्षं राबलेला असे; पण स्थळ दादर-गिरगावचं असलं की हळूच म्हणे, "लवू, तेवढी चिमणी काढ रे बाबा." लवू निगेटिव्हवर बारीक ब्रशने तांबडा रंग भरी, आणि कागदावर तिथे पांढरंशुभ्र आभाळ उमटे. थेट कोकणातलं म्हणून खपावं असं.

१९८२च्या मे महिन्यात गिरणीच्या साचे खात्यातला, मागावरचा दगडू परब आपल्या मंजुळाच्या फोटोसाठी आला. संपाला चार महिने होऊन गेले होते. चिमणीतून धूर नाही, म्हणून दोरीवरचे कपडे पहिल्यांदाच पांढरे वाळत होते, आणि त्या पांढरेपणाची अख्ख्या चाळीला धास्ती वाटत होती. मंजुळाचे केस गुडघ्यापर्यंत. आईने ते मुद्दाम मोकळे सोडले होते. मिरवण्यासारखं घरात तेवढंच उरलं होतं. ऐन क्लिकच्या वेळी गच्चीवर वारा आला, केस उडाले आणि मागच्या चिमणीभर पसरले.

"चिमणी काढ," निगेटिव्ह धुऊन झाल्यावर दगडू म्हणाला. "दादरचं स्थळ आहे. राण्यांचा रमाकांत. बँकेत आहे."

लवूने निगेटिव्ह उजेडाला धरलं, ते बराच वेळ धरूनच ठेवलं. मग म्हणाला, "दगडूकाका, ही नाय निघायची. चिमणीवर केस आलेत. रंग भरला तर केस जातील."

"सगळे?"

"सगळे."

टकली मुलगी पाठवावी की गिरणीची? दगडूने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "राहू दे."

लवू बोलला ते खोटं नव्हतं. फक्त, दोन दिवस बसून, एकेक केस वाचवत चिमणी काढता आली असती, हेही खरं होतं. असली कामं त्याने आधी केली होती. पण तसं त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही.

आठ दिवसांत फोटो परत आला. राण्यांच्या आईचा निरोप होता: "आधी चिमणीच डोळ्यांत भरली. संपवाल्यांचं घर आम्हाला नको." पुढच्या वर्षी मंजुळा लवूची बायको झाली. दगडू मरेपर्यंत म्हणायचा, "चिमणीने घात केला." लवू मान हलवी आणि खिडकीतून चिमणीला मनोमन हात जोडी.

गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. वर्षं गेली, जागा विकली गेली, टॉवर उभा राहिला. चिमणी धोकादायक ठरवून पाडली. पाडल्यावर ती वारसा ठरली. तेव्हा लॉबीत तिचा भिंतभर फोटो लावायचं बिल्डरच्या मनात आलं आणि ते काम त्याने एका कलावंताकडे सोपवलं. कलावंताचं नाव रमाकांत राणे. मुक्काम दादर.

राणे बँकेतून व्हीआरएस घेऊन कलेत उतरले होते. गंजलेले पत्रे, फुटके पाइप, गोदीतल्या क्रेन यांचे फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर नटवायचे. त्यांच्या हातून निघालं की कॉटन ग्रीनचं गोदाम काश्मीरसारखं दिसे. गंज केशरी, भिंत जांभळी, गटार मोरपंखी! "गंजात केवढं सौंदर्य असतं हो," असं ते इतक्या तळमळीने सांगत, की ऐकणाऱ्याला आपल्या घरची धड खिडकी दरिद्री वाटू लागे. माणूस मात्र भाबडा, निर्मळ.

जुन्या फोटोसाठी त्यांनी लालबागमधल्या पस्तीस घरांतले आल्बम पालथे घातले. सगळीकडे मुली, आणि मागे कोरं आभाळ.

"अहो, इथे चिमणी होती ना?"

"होती. पण लवूने काढली."

म्हणून राणे लवूच्या दारात आले. मंजुळा बाजारात गेली होती. नाव ऐकताच लवू सावध झाला, पण निगेटिव्ह त्याने काढून दिलं. संध्याकाळी मंजुळाला म्हणाला, "टॉवरमध्ये तुझा फोटो लागणार." राण्यांचं नाव तेवढं काढलं नाही. मंजुळाने रात्रीच्या भाकऱ्या व्हायच्या आत चाळभर आमंत्रणं केली.

चार दिवसांनी राण्यांनी लवूला दादरला बोलावलं. पडद्यावर चिमणी उभी होती. "वा! काय डौल आहे! पण ही बाई मध्ये येते. काढू या."

तेव्हा चिमणीमुळे बाई नको होती, आता बाईमुळे चिमणी झाकते म्हणून नको. घर तेच, माणूस तोच! "राहू दे ना साहेब," तो म्हणाला. "कोपऱ्यात राहील बिचारी."

"अहो, कलेत भीड नसते," राणे म्हणाले आणि पुसत सुटले. पाय गेले, पदर गेला, चेहरा गेला. केसांपाशी हात थांबला. "आता धूर पाहिजे."

"त्या साली संप होता. धूर नव्हता."

"पण धुराशिवाय चिमणी विधवा वाटते हो!" राण्यांनी तयार धूर लावून पाहिले. एक आगगाडीचा, एक कुठल्याशा ज्वालामुखीचा. एकही बसेना.

लवू खुर्ची पुढे ओढून बसला. "केस पुसू नका. थोडे वर ओढा. अजून. चिमणीच्या तोंडाशी न्या. हां. आता टोकं विरू द्या."

राणे बघत राहिले. "लवूशेठ! धूर!"

उद्घाटनाला मंजुळा चाळीतल्या चौघींना घेऊन, ठेवणीतली साडी नेसून आली. भिंतभर चिमणी. तिने फोटो वरून खाली पाहिला, मग खालून वर.

"मंजुळे, तू खय गो?" शेजारच्या काशीबाईंनी विचारलं.

मंजुळा लवूकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "माका खय काढलंस?"

"धुरात बघ," लवू पुटपुटला.

तिने पाहिलं. उजव्या कानामागची तिची एक बट जन्मभर सरळ बसली नव्हती. धुरात तिथेच तसाच उलटा पीळ होता.

इतक्यात माइकवर "दादरचे कलावंत रमाकांत राणे" असा पुकारा झाला. मंजुळाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहू लागला.

"या धुरात श्रमाची लय आहे," राणे बोलत होते. "हा धूर श्वास घेतो!" टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत मंजुळा पुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊ, त्या साली संप होता. धूर कुठला? केस आहेत ते. माझे."

राण्यांनी फोटोकडे पाहिलं, मग तिच्या सुपारीएवढ्या अंबाड्याकडे. "म्हणजे... त्या बाई तुम्ही?"

"मीच. या लवूंची बायको. तुमच्या घरी एकदा येऊन गेलेय मी. पाकिटातून. आठ दिवसांत परत धाडलंत."

राण्यांना उलगडायला वेळ लागला. "आईने मला फोटो दाखवलाच नव्हता," ते हळूच म्हणाले. मग माइक तोंडाशी धरून त्यांनी सांगून टाकलं, "मंडळी, धूर माझा नाही. धूर लवूंच्या मिसेसचा आहे!" आधी हशा झाला, आणि मग ज्या टाळ्या पडल्या त्या पहिल्या टाळ्यांच्या दुप्पट होत्या. काशीबाई तर शिट्टीच मारायच्या बाकी होत्या.

घरी परतताना मंजुळाने विचारलं, "त्या टायमाक चिमणी रवली ती केसांमुळेच ना?"

"केसांमुळेच," लवू म्हणाला, आणि सवयीने वर पाहिलं. साक्षीला चिमणी नव्हती.

"खोटारडो," मंजुळा म्हणाली. "तुझो ब्रश काय इतको जाडो नाय होतो."