माझ्या नावावरची उधारी

"नर्सबाई, लुगड्यांचे पैसे कधी देताय?"

सकाळची ओपीडी. बाहेरच्या ओट्यावर पोरं कडेवर घेतलेल्या बायांची रांग. मी एका बाळाचा ताप बघत होते. दारात धोतर-टोपीतला माणूस उभा. शहाद्याच्या एका कापड दुकानाचा वसुलीवाला. आवाज असा, की रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जावं.

"कसली लुगडी?" मी विचारलं.

"मार्था वळवी तुम्हीच ना? पोळ्यापासून उधारी चालू आहे. शेठ म्हणाले, सरकारी बाई आहे, पैसे बुडणार नाहीत. आता दिवाळी झाली."

"मी तुमच्या दुकानाची पायरीही चढलेली नाही."

तो हसला. "सगळे असंच म्हणतात."

ही एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. म्हसावदच्या अलीकडच्या एका गावात दवाखाना होता. तिथं मी नर्स-मिडवाइफ होते. म्हणजे औषधपाणी, इंजेक्शनं आणि आसपासच्या गावांतली बाळंतपणं. हल्ली कुणाच्या नावावर कुणी परस्पर क्रेडिट कार्ड काढतं म्हणतात. आमच्या वेळी कार्ड नव्हतं. नावच कार्ड होतं. शिक्षक, तलाठी, नर्स असं सांगितलं की दुकानदार माल द्यायचा, कारण पगार ठरलेला. पुढच्या आठवड्यात भांडीवाला आला. मग सोनाराचा निरोप आला.

आमच्या मेडिकल ऑफिसरांनी मला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

"मार्थाबाई, हप्त्याहप्त्यानं देऊन टाका. विषय मिटेल."

"मी घेतलेलंच नाही, डॉक्टरसाहेब."

"मान्य. पण गावात बोलणं सुरू झालंय. एकट्या बाईचं नाव एकदा खराब झालं की... वरून विचारणा झाली तर मला तुमची ट्रान्सफर मागावी लागेल."

"दिले तर मी घेतले असं होईल. दमडी देणार नाही. ट्रान्सफर मागायची तर मागा. त्यात 'मार्थाबाईंनी चोरी केली' असं लिहून सही करा."

त्यांनी विषय बदलला. सही करायला ते कधीच तयार नसायचे.

सुट्टीच्या दिवशी मी युनिफॉर्म घातला नाही. साधं हिरवं पातळ नेसले आणि एसटीनं शहाद्याला गेले. कापड दुकानाचे मालक युसूफभाई गादीवर बसले होते. मी दोन लुगडी निवडली आणि म्हणाले, "उधारीत मांडा."

"कुणाच्या नावावर?"

"नर्सबाई मार्था वळवी."

युसूफभाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मी बुटकी, रंगानं काळी, नवापूरकडची आदिवासी बाई.

"ए बाई," ते म्हणाले, "त्या नर्सबाईंना मी चांगला ओळखतो. उंच आहेत, गोऱ्या आहेत, चष्मा लावतात. तू त्यांच्या नावावर माल उचलतेस? शरम नाही वाटत?"

"मार्था वळवी मीच आहे."

"नर्स अशी असते का?"

हे वाक्य मला लागलं. तरी बरंही वाटलं, कारण मी ज्यासाठी आले होते ते, म्हणजे माल नेणारी दुसरीच कुणी आहे हे, त्यांनी भर दुकानात, दहा गिऱ्हाइकांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. मी म्हणाले, "मी चोर आहे ना? मग पोलीस बोलवा. मी इथंच बसते."

मी गादीच्या कडेला बसले. रस्त्यावर गर्दी जमली. हवालदार आला आणि त्यानं सरळ माझा दंड धरला. माझ्याच नावाची चोरी केली म्हणून मलाच चौकीवर न्यायला निघाला! मी हात झटकला. "चालता येतं मला. हात लावू नका."

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत एक म्हातारी पुढं आली. ब्राह्मणपुरी गावच्या गुजर पाटलांच्या घरची. बाजाराला आली होती.

"ओ हवालदार, काय करी ऱ्हायनात? हाई आमनी नर्सबाई शे! इन्हा हातवर मन्हा नातू व्हयना." तिच्या सुनेचं बाळंतपण मीच केलं होतं. मग तिनं मोर्चा युसूफभाईंकडे वळवला. "तुले दखाये ना का?"

हवालदारानं हात मागं घेतला. युसूफभाईंचा चेहरा उतरला.

"मग ती कोण, बाई?"

"ते मला नाही, तुम्हाला माहीत असायला हवं. माल तुम्ही दिलाय."

त्यांनी पाणी मागवलं. मग हळूच म्हणाले, "ती आमच्या घरीही येऊन गेली. अम्मीला ताकदीचं इंजेक्शन दिलं. तेव्हापासून दंड सुजलाय."

मी तशीच मागच्या घरात गेले. म्हातारीचा दंड लाल, गरम, टणक झाला होता. आत पू धरला होता. तेव्हा काचेची सिरिंज आणि तीच सुई पुन्हापुन्हा वापरायची पद्धत होती, पण दर वेळी पाण्यात उकळून. त्याला आम्ही स्टरिलाइझ करणं म्हणतो. न उकळता टोचलं की असं होतं.

"तिनं सुई उकळली होती का, अम्मी?"

"पदराला पुसली बेटी."

तोपर्यंत मी उधारीसाठी भांडत होते. त्या क्षणी लुगडी डोक्यातून गेली. उद्या एखादं पोर दगावलं असतं तर तेही माझ्याच नावावर मांडलं गेलं असतं. अम्मीला मी टांग्यात घालून डॉक्टरांकडे नेलं. गळू फोडलं, दंड वाचला. युसूफभाईंना एवढंच सांगितलं, "ती आली की बसवून ठेवा. मला निरोप द्या. आणि तुमचा वसुलीवाला जिथं ओरडला, तिथंच येऊन खरं सांगेल."

तो आला. रांगेसमोर मान खाली घालून बोलला. मी त्याला दोनदा बोलायला लावलं. पहिल्यांदा आवाज लहान होता.

महिना गेला. एका बाजारच्या दिवशी निरोप आला. मी पोचले तेव्हा ती गादीवर चहा पीत होती. पांढरं पातळ, चष्मा, हातात कातडी बॅग. हवालदार दाराआड होता.

"आपण कोण?" मी विचारलं.

"मी नर्स मार्था वळवी. तुम्ही?"

"मीही तीच."

तिनं कप खाली ठेवला. मी बॅग उघडली. गंजलेली सुई, फडक्यात गुंडाळलेली. तिचं नाव विमल. एका खासगी दवाखान्यात आया होती, तिथून काढलेली. तिची बहीण आमच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. नाव बहिणीच्या तोंडून उचललं.

ती रडली नाही. उलट माझ्याकडे रोखून म्हणाली, "माझ्या नावावर कुणी पावशेर गूळ देत नाही. तुमचं नाव घेतलं की खुर्ची देतात."

"मला कुणी आयती दिली नाही," मी म्हणाले. "नद्या-नाले ओलांडून, रात्री-अपरात्री बाळंतपणं करून मिळवली. आणि तुला गूळ हवा होता तर माझ्याकडे मागायचा. म्हातारीच्या दंडात सुई का खुपसलीस?"

हवालदारानं तिला चौकीवर नेलं आणि मी तक्रार लिहून दिली.

डॉक्टरसाहेबांनी तक्रार मागं घ्यायला सुचवलं. बाईमाणूस आहे, सोडून द्या म्हणाले. मी घेतली नाही. कोर्टात तिच्या वकिलानं मला विचारलं, "तुम्ही दोघी मिळून हे करत नव्हता कशावरून?" मी म्हणाले, "मिळून केलं असतं तर सुई उकळलेली असती." न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

विमलला शिक्षा झाली. दुकानदारांचा माल बुडाला तो बुडाला. भांडीवाला शेवटी म्हणाला, निम्मे तरी द्या, नाव तर तुमचंच होतं. मी त्याला दार दाखवलं.

पुढं नोकरीत नव्या मुली यायच्या. त्यांना मी सांगायचे, आपलं नाव आपलंच आहे हे सिद्ध करायची कटकट आपल्यालाच करावी लागते. ती करा. पण शांतता हवी म्हणून दुसऱ्याची उधारी भरू नका.