माणिकमामांची छागळ

सीमाभागातल्या भालकीच्या आमच्या मराठी शाळेत बावीस वर्षं काढली. अंगावरची खडूची धूळ झटकली की जाते, पण स्टाफरूममधले किस्से जात नाहीत. दर दिवाळीत कोणीतरी महाबळेश्वरच्या सहलीचा विषय काढतो आणि चहा गार होईपर्यंत तेच ते पुन्हा सांगून होतं.

सहल ठरली त्याला कारण शाळेचे शिपाई माणिकमामा. शाळेचा रांजण माझ्या वर्गाच्या खिडकीखाली होता. मामा घागरीनं तो भरत असायचे आणि आत मी दरवर्षी घोकून घ्यायचो, "कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते."

एके दिवशी मामांनी घागर खाली ठेवून खिडकीतूनच विचारलं, "सर, तुमी बघितलाव का ते?"

"नाही हो मामा."

"मग पोरांना कसं सांगायलाव?"

अख्खा वर्ग माझ्याकडं बघायला लागला! त्याच दिवशी मी स्टाफरूममध्ये महाबळेश्वरच्या सहलीचा विषय काढला.

मामांची रिटायरमेंट मार्चमध्ये होती. हेडमास्तर गुरुनाथअप्पांनी सहलीची यादी केली, तीत फक्त मास्तरांची नावं. आमचे गणिताचे कांबळे सर उठून म्हणाले, "अप्पा, ह्या शाळेत सगळ्यात जास्त वर्षं भूगोल ऐकलेला माणूस मामाच हाय. त्येंना सोडून भूगोल बघायला कसं जायचं?" अप्पांनी मुकाट्यानं मामांचं नाव लिहिलं, तेही सगळ्यात वर.

निघायच्या दिवशी मामा शाळेच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेली कॅनव्हासची छागळ घेऊन आले आणि मेटाडोरच्या खिडकीबाहेर बांधली. सोलापूरजवळ कांबळे सरांच्या घशाला कोरड पडली. त्यांनी छागळीला हात घातला, तर मामांनी हात धरला! गाडी थांबवून हॉटेलातनं तांब्याभर पाणी आणून दिलं.

"अहो, हे कामून न्हाई?"

"ते प्यायचं न्हाई."

मुक्कामाच्या खोलीत छागळ खुंटीला आणि खाली वाटी. छागळ पाझरायची, थेंब वाटीत पडायचे आणि मामा ते परत छागळीत ओतायचे. कांबळे सर म्हणाले, "मामा, पोराला सलाईन लावल्यावर बी कुणी इतकं बघत न्हाई!"

तिथल्या लॉजच्या मॅनेजरची मात्र आम्ही पंचाईत केली. अप्पा आमच्याशी मराठीत, रागावले की कन्नडमध्ये आणि ड्रायव्हरशी दख्खनी उर्दूत बोलत. मॅनेजर पेन धरून बसला होता. "तुम्ही नक्की कुठले?"

कांबळे सर म्हणाले, "लिहा भालकी. आमाला बी तेवढंच ठाऊक हाय."

अप्पा रोज पहाटे गार पाण्यानं आंघोळ करून लिंगपूजा करायचे. पूजेआधी चहासुद्धा नाही, आणि पूजा चांगली तासभर चालायची. महाबळेश्वरला पहाटे अप्पा बाथरूममध्ये गेले. आतून अप्पांच्या ओरडण्याचा मोठ्ठा आवाज आला आणि दहाव्या मिनिटाला पूजा आटोपून अप्पा शाल गुंडाळून चहाला हजर!

"अप्पा, आज लवकर?"

"देवाला कामून थंडीत बसवायचं?"

त्यानंतर आम्ही एका पॉइंटवर गेलो. समोर दरी आहे असं सगळे सांगत होते. आम्हाला फक्त पांढरं दिसत होतं. अप्पा म्हणाले, "थांबा, आता उघडंल." तीन तास थांबलो. शेवटी आलोच आहोत तर म्हणून फोटोवाल्याकडून ग्रुप फोटो काढून घेतला. तो अजून स्टाफरूममध्ये लावलेला आहे. कांबळे सर दर वेळी म्हणतात, "ह्याच्यापेक्षा शाळेच्या भिंतीला चुना लावून तिथंच हुबं राहिलो असतो!"

पण त्या तीन तासांनी घात केला. ड्रायव्हर म्हणाला, उजेडी घाट उतरायचा तर आता एकच ठिकाण होईल, तलाव नाहीतर देऊळ. अप्पांचा जीव तलावातल्या बोटीत. भालकीहून निघाल्यापासून ते वल्ही मारायच्या गोष्टी करत होते. आणि नदीचा उगम होता देवळात.

मामा मला हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर. तुमी सांगितलाव ते खरंच असंल."

दुष्काळाच्या साली शाळेची विहीर आटली, तेव्हा हाच माणूस दोन मैलांवरून कावडीनं पाणी आणून रांजण भरायचा. एकही पोर तहानलेलं घरी गेलं नाही. मी अप्पांकडं बघितलं. अप्पांनीही ऐकलं होतं. तलावाकडं पाठ करून ते ड्रायव्हरला म्हणाले, "बोट में क्या है मियाँ, देवळाकू चलो!" त्या एका वाक्यासाठी मी अप्पांचा जन्मभर ऋणी आहे.

देवळात दगडी गोमुखातून पाणी कुंडात पडत होतं. मामा बघत राहिले. मग त्यांनी गोमुखाच्या मागं जाऊन पाहिलं, खाली वाकून पाहिलं आणि मला काळजीनं विचारलं, "सर, हे बंद कुठून करतेत?"

"बंद करत नाहीत, मामा."

"रातच्याला बी?"

"रात्री पण नाही."

कांबळे सरांना नेहमी काहीतरी सुचतं. त्या वेळी त्यांनी मामांच्या शेजारी जाऊन स्वतःही गोमुखाच्या मागं वाकून पाहिलं.

मामांनी डोळे पुसले. "आता सांगा पोरांना बिनघोर. आपुन बघितलंय." मग खांद्यावरची छागळ काढली, तिचं तोंड सोडलं आणि आत उरलेलं अर्धं पाणी कुंडात ओतायला लागले.

पुजारी धावत आले. "अहो आजोबा, लोक इथून पाणी भरून नेतात, ओतत नाहीत!"

"व्हय जी, मी बी भरून नेणारच हाय," मामा म्हणाले. "पर दुसऱ्याच्या दारात रिकामं भांडं घेऊन कसं यावं?"