न मेलेल्या गिरजाबाईच्या भेटीला

गोष्टीतल्या बाईला मारायचंच असेल तर शंभर वर्षांपूर्वी मारावं. मी तिला परवा मारलं, आणि वर गावही सांगितलं. हा माझा बाविसाव्या वर्षीचा मूर्खपणा. दोन वेण्या आणि ग्रामसेविकेची पिशवी एवढ्या भांडवलावर तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते.

साठ सालाच्या आगेमागे अकोल्याच्या जठारपेठेतून निघाले, तेव्हा बाबांनी बजावलं, "या उन्हाळ्यात नोकरी पक्की झाली तर ठीक, नाही तर मूर्तिजापूरचं स्थळ पक्कं." स्थळाचा फोटो मी पाहिला होता. त्यामुळे भातकुलीजवळच्या एका गावात निर्धूर चुली (नळीवाटे धूर घराबाहेर सोडणाऱ्या) मांडण्यावर माझं सगळं आयुष्य टांगलं होतं. अमरावतीचे साहेब म्हणाले, "भाषण नको. गोष्ट सांगा."

कशी सांगायची ते एस.टी.त कळलं होतं. बडनेऱ्याला एक सुरमेवाला चढला. सासूची दृष्टी कशी गेली आणि कशी परतली, हे त्यानं असं रंगवलं की कंडक्टरनंही डबी घेतली. कंडक्टरही कमी नव्हता. जागेवरून भांडणाऱ्या दोघांना त्यानं मेव्हण्याचा किस्सा सांगत एकाच बाकावर बसवलं. मला वाटलं, सुरमा काय, तिकीट काय, चूल काय, धंदा एकच!

गावात पारावर बायका जमल्या. मी परतवाड्याची गिरजाबाई उभी केली. धुरानं तिचे डोळे गेले, विहिरीचा काठ दिसला नाही... बायकांचे पदर डोळ्यांना लागले. मी हरखले. गावातली सगळ्यांत वडीलधारी गोदाबुढी म्हणाली, "कई (कधी) झालं हे?"

"परवाच," मी ठोकून दिलं.

"लेकरं?"

"तीन."

"माहेर?"

"इकडचंच कुठलं तरी."

दुसऱ्या दिवशी चुलीचा साचा आणि नळी घेऊन गेले, तर बायका एस.टी.ची वाट बघत उभ्या. हातात फडक्यात बांधलेला कडू घास (मयताच्या घरी न्यायचं जेवण), भाकरी आणि पिठलं.

"माहेर इकडचं म्हंजे आपलीच लेक," गोदाबुढी म्हणाली. "बसाले (सांत्वनाला) नको जायले? चला बाई, तुमाले घर ठाऊक हाय."

खरं सांगितलं तर चुली गेल्या आणि मूर्तिजापूर आलं. मी मुकाट्यानं चढले.

अमरावती सुटली. काळ्या रानांपलीकडे सातपुडा निळा दिसायला लागला, पण बघायला सवड कुणाला? बसभर माझी गोष्ट फिरत होती. वलगावला गिरजाबाईला चौथं लेकरू झालं, आसेगावला नवरा दारुडा निघाला. मागच्या बाकावरचा एक म्हातारा तर तिला खांदा देऊन आला होता.

परतवाड्यात घर सापडत नाही म्हणायचं ठरवलं होतं. बायकांनी नाव विचारलं आणि पानवाल्यानं घात केला. "गिरजाबाई? त्या निंबामागं."

बायकांनी रिवाजाप्रमाणे कोपऱ्यावरूनच गळा काढला. दार उघडलं. धुराचा लोट आला आणि त्यामागून डोळे चोळत एक धिप्पाड बाई.

"काहून रडता? कोन मेलं?"

"गिरजाबाई," गोदाबुढी हुंदका देत म्हणाली.

"मीच गिरजाबाई."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. गोष्टीतली विहीर त्या क्षणी मला हवी होती. नाइलाजानं सगळं खरं सांगितलं. गिरजाबाईनं ऐकून घेतलं, फडकं सोडलं, स्वतःचा कडू घास चाखला.

"पिठल्यात मीठ कमी हाय. अन् हे हातात काय?"

"चुलीचा साचा."

"मंग उभी काहून? मारलं मले, आता चूल तरी मांडून दे."

तिच्याच अंगणातली माती कालवून माझी पहिली चूल उभी राहिली. ओल्या चुलीतच कागद पेटवून पाहिला. धूर नळीतून निमूट छपरावर गेला. बायका बाहेर जाऊन बघून आल्या, गोदाबुढी दोनदा.

पुढे मी शाळेत शिकवलं, विमा विकला, एका पतपेढीची निवडणूकही जिंकले. सगळीकडे गोष्टच कामाला आली, आणि माणसं मी फार जुन्या काळातच मारली. पण त्या दिवशी परतीच्या गाडीत माझ्याशी कुणी अवाक्षर बोललं नाही. मी मनातल्या मनात मूर्तिजापूरच्या फोटोला हार घालत होते. गावाच्या फाट्यावर उतरताना गोदाबुढीनं माझी वेणी ओढली.

"उद्या माती कालवून ठेवतो आमी, येजो. अन् पुढच्या खेपेले कोनाले मारशीन तं जवळच्या गावची मारजो, परतवाडा लय लांब पडते."